मासेमारी नौकांची सुधारणा : ‘कार्यक्षमता’ या कल्पनेची चिकित्सा



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. ‘सर, तुम्ही आणि मासेमारीच्या बोटी?’ शंका रास्त आहे. आम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवला. समुद्राशी आमचा संबंध ताटापुरता, आणि त्यातून आम्हाला बोट लागते. तेव्हा नौका कशी बांधावी हे आम्ही कोणाला सांगणार नाही. आमचं काम शब्द तपासण्याचं. आणि या विषयात एक वाक्य असं आहे की ते सगळीकडे भेटतं : योजनांच्या माहितीपत्रकात, कर्जाच्या प्रस्तावात, प्रचाराच्या भाषणात, इंजिनाच्या जाहिरातीत. वाक्य साधारण असं : ‘नौका अधिक कार्यक्षम करा, म्हणजे मासळी जास्त मिळेल, म्हणजे मच्छीमाराचं भलं होईल.’

या वाक्यात दोन ‘म्हणजे’ आहेत. आज आपल्याला त्या दोन ‘म्हणजे’ तपासायच्या आहेत. बाकी काही नाही.

आपल्याकडे वादाची एक जुनी शिस्त आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही असा की त्या पक्षाच्या माणसाने मान डोलवावी. मग उत्तरपक्ष. आणि शेवटी सिद्धान्त. आपण त्याच क्रमाने जाऊ.

पूर्वपक्ष

शिडाच्या होडीचं चित्र दिवाणखान्याच्या भिंतीवर छान दिसतं. पण वारा पडल्यावर वल्ही मारत किनारा गाठणाऱ्या माणसाला त्या चित्राचं कौतुक नसतं. इंजिन आलं म्हणजे त्याच्या खांद्यांना विश्रांती मिळाली. बर्फाचा खण आला म्हणजे धरलेली मासळी किनाऱ्यापर्यंत टिकू लागली. बिनतारी संच आणि जीपीएस आलं म्हणजे घरच्यांना झोप लागू लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळ कोकणावर आलं, तेव्हा समुद्रात असलेले कितीतरी खलाशी परत आले नाहीत. २०१७ च्या ‘ओखी’ वादळात केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी नौकांनी आपल्या देवगडपर्यंत येऊन आसरा घेतला. ज्याची नौका भक्कम आणि ज्याच्याकडे संदेश वेळेवर पोहोचला, त्याची वाचण्याची शक्यता अधिक. या सुधारणांच्या विरोधात जो बोलेल त्याने आधी एखाद्या कोळीवाड्यात जाऊन बोलावं.

दुसरी गोष्ट डिझेलची. ट्रॉलर म्हणजे जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेणारी नौका. ओढायचं म्हटलं की इंधन लागतं, आणि तिच्या रोजच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा डिझेलचाच असतो. इथे नौकाशास्त्राने केलेलं काम खरोखर मोलाचं आहे. एक साधा हिशेब बघा. पाण्यात वेग वाढवायला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जाता-येता तांडेलाने वेग फक्त दहा टक्क्यांनी कमी ठेवला, तर इंजिनावरचा भार सत्तावीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. प्रवासाला वेळ थोडा जास्त लागतो हे धरलं, तरी त्याच अंतराला सुमारे १९ टक्के इंधन कमी लागतं. त्यासाठी एक पैसाही गुंतवावा लागत नाही. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा. वेळच्या वेळी खरवडून साफ केलेला तळ. पातळ पण मजबूत दोऱ्याचं जाळं. जाळ्याच्या तोंडाशी मोठे आस, म्हणजे पाणी अडत नाही. हे सगळे सिद्ध झालेले उपाय आहेत. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने २०१६ साली ‘सागर हरिता’ नावाची नौका पाण्यात उतरवली, ती अशाच इंधनबचतीच्या विचारातून घडवलेली.

तिसरी गोष्ट माहितीची. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाने टिपलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहून, मासे कुठे जमण्याची शक्यता आहे याची सूचना किनाऱ्यावर पाठवते. शोधात जाणारे तास वाचतात, डिझेल वाचतं.

असा हा पूर्वपक्ष. तो बळकट आहे आणि त्यातलं बरंचसं आम्हाला मान्य आहे. मग अडतं कुठे?

पहिलं ‘म्हणजे’

‘कार्यक्षमता’ हे एक गुणोत्तर आहे. वर फळ, खाली खर्च. पण कोणतं फळ आणि कोणाचा खर्च, हे गुणोत्तर स्वतः सांगत नाही. ते आपण ठरवायचं असतं. मासेमारीत निदान तीन गुणोत्तरं आहेत. एक इंजिनाचं : लिटरभर डिझेलमागे किती मैल. दुसरं मालकाचं : रुपयामागे किती किलो. तिसरं समुद्राचं : यंदा इतके मासे काढले, तर पुढच्या साली इतकेच पुन्हा काढता येतील का. अभियंता पहिल्याबद्दल बोलतो, मालकाला दुसरं ऐकू येतं, आणि तिसऱ्याबद्दल कोणी बोलतच नाही. शब्द मात्र तिघांना मिळून एकच.

आपल्या दर्शनांत कारणाचे भेद शिकवताना कुंभाराचं उदाहरण देतात. माती हे घटाचं उपादान कारण; कुंभार, त्याचं चाक, त्याची काठी ही निमित्त कारणं. आता एखाद्या हुशार माणसाने कुंभाराला विजेवर चालणारं चाक दिलं. घट भराभर होतील, खरं आहे. पण चाकाच्या वेगाने माती वाढणार नाही. ढीग तेवढा लवकर संपेल. नौका, जाळं, सोनार ही सगळी निमित्त कारणं आहेत. पापलेट घडतं ते दुसऱ्याच कशाने : प्लवकांनी, खाडीच्या तोंडच्या चिखलाने, पावसाळ्यात नद्यांनी आणलेल्या गाळाने, आणि अंडी घालण्याइतकी जगलेल्या माद्यांनी.

हा दृष्टान्त एका ठिकाणी लंगडा आहे, तेही सांगितलं पाहिजे. माती पिल्लं घालत नाही, मासे घालतात. ढीग आपोआप भरत असतो, पण त्याच्या गतीने. त्या गतीच्या आत राहून उचललं तर ढीग कधीच संपत नाही. म्हणजे पहिलं ‘म्हणजे’ एका हद्दीपर्यंत खरं आहे आणि हद्दीपलीकडे खोटं आहे. आणि हद्द नौकेवर कुठेही लिहिलेली नसते.

इथे भाषेनेही आपल्याला थोडं फसवलं आहे. सरकारी अहवालात या सगळ्याला ‘मत्स्योत्पादन’ म्हणतात. आपण काय उत्पादन केलं? शेतकरी पेरतो, खत घालतो, राखण करतो, मग कापतो. त्याला उत्पादन म्हणावं. समुद्रात आपण फक्त काढतो. आपल्या रोजच्या बोलीतला ‘मासेमारी’ हा शब्द जास्त प्रामाणिक आहे. ‘उत्पादन घटलं’ म्हटलं की मनात येतं, यंत्र सुधारा. ‘मासे कमी झाले’ म्हटलं की निदान एक क्षण तरी मनात येतं, आपण फार मारले काय?

१८८३ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सले या मोठ्या जीवशास्त्रज्ञाने उद्घाटनाचं भाषण केलं. कॉड, हेरिंग यांसारख्या मोठ्या सागरी मासेमारी अक्षय आहेत असं त्यांचं प्रतिपादन होतं. पुढे शंभर वर्षं या भाषणाची टिंगल झाली. पण मूळ भाषण नीट वाचलं तर दिसतं की हक्सले यांनी एक अट घातली होती : आजच्या मासेमारीच्या पद्धती धरून. विधान अटीसह होतं. अट लोक विसरले आणि विधान तेवढं लक्षात ठेवलं. वाफेवर चालणारे ट्रॉलर त्याच सुमारास समुद्रात उतरत होते, म्हणजे ती अट तेव्हाच मोडायला लागली होती.

न्यूफाउंडलंड : जिथे नौका सर्वोत्तम होती

आता एका ठिकाणी आपण जरा थांबू, कारण हे उदाहरण मासेमारीच्या इतिहासात सगळ्यात जास्त शिकवणारं आहे. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड बेट. त्याच्या आसपासच्या समुद्रात कॉड मासा, आणि सुमारे पाच शतकांची मासेमारी. १९५४ साली ब्रिटनमध्ये ‘फेअरट्राय’ नावाची नौका बांधली गेली. देवमाशांच्या शिकारीत मुरलेल्या कंपनीने ती बांधून घेतली होती. जाळं मागच्या उतारावरून थेट वर ओढायचं, आतच मासे कापायचे, गोठवायचे, उरलेल्याची भुकटी करायची. आठवडेच्या आठवडे बंदराला यायची गरज नाही. कार्यक्षमतेचा कोणताही निकष लावा, तिच्या तोडीची मासेमारी नौका तोवर झाली नव्हती. सोव्हिएत संघाने त्याच धर्तीचे ताफे बांधले, पाठोपाठ इतर देशांनी.

१९६८ साली तिथल्या उत्तरेकडच्या कॉडची पकड सुमारे आठ लाख टनांवर गेली. वाक्यातलं पहिलं ‘म्हणजे’ अगदी खरं ठरलं! दहा वर्षांत ती दीड लाखाच्या आसपास आली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द जाहीर केली, परक्या नौका हाकलल्या. आणि मग काय केलं? स्वतःचा ताफा आधुनिक केला.

यापुढचा भाग आम्हाला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समुद्रात मासे किती आहेत हे मोजता येत नाही. अनुमान करावं लागतं. अनुमानाचा एक आधार असा असतो : तासभर जाळं ओढलं तर किती मासे येतात? जास्त आले तर समुद्रात जास्त आहेत. दिसायला हे धुरावरून अग्नीच्या अनुमानाइतकं सरळ आहे. पण धूर आणि अग्नी यांची व्याप्ती अतूट असावी लागते. इथे ती तुटली होती. कॉड कमी झाले तसे उरलेले दाट थव्यांनी राहू लागले, आणि सोनार असलेला ट्रॉलर नेमका त्या थव्यावरच जाऊ लागला. समुद्र रिकामा होत होता आणि ताशी पकड चांगलीच येत होती. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासे धरणारे लोक मात्र थव्यामागे जाऊ शकत नव्हते. मासा त्यांच्यापर्यंत यावा लागे. १९८० च्या दशकात ते सांगत होते की मासा कमी येतो आहे आणि लहान येतो आहे. म्हणजे ज्यांची साधनं ‘अकार्यक्षम’ होती, त्यांची साक्ष खरी होती. सर्वोत्तम नौकेची साक्ष खोटी होती, आणि ती सर्वोत्तम होती म्हणूनच खोटी होती.

२ जुलै १९९२ रोजी उत्तरेकडच्या कॉडची व्यापारी मासेमारी बंद झाली. अंडी घालणाऱ्या माशांचा साठा पूर्वीच्या एक टक्क्याच्या आसपास उरला होता. सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून लावली होती. ती औपचारिकपणे उठली २०२४ साली, बत्तीस वर्षांनी. आणि तेव्हाही साठा पूर्ववत झालेला नव्हता.

साधन जितकं धारदार होतं, तितकं ते आपल्याला धोक्याची सूचना द्यायचं बंद करतं. हातातल्या दोरीला जाणवणारा हलकेपणा सोनारच्या पडद्यावर दिसत नाही. सुधारणेने आपली पकडण्याची शक्ती वाढवली आणि जाणण्याची कमी केली, हा आमचा पहिला आक्षेप.

दुसरं ‘म्हणजे’

समजा, पकड वाढली. म्हणजे मच्छीमाराचं भलं झालं का?

काही वर्षांपूर्वी हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळच्या लिलावाला आम्ही उभे होतो. बाजूला एक वयस्क तांडेल बसला होता. बोलता बोलता म्हणाला, ‘सर, वडलांची दोन सिलिंडरची होती. ते समोर दिसतंय ना, तिथवर जायचे आणि दुपारी घरी. मी सहा सिलिंडरची घेतली, कारण जवळ मासा राहिला नाही, लांब जायला लागतं. आता एवढं कर्ज काढून मोठी घेतली म्हणून लांब जावंच लागतं, घरी बसून हप्ता सुटत नाही.’ अर्थशास्त्राचं एक अख्खं प्रकरण त्याने चार वाक्यांत सांगितलं.

ते प्रकरण असं. १८६५ साली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल दाखवून दिलं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा खप उलट वाढला. कारण इंजिन वापरणं परवडू लागलं. मासेमारीत हेच होतं. डिझेल वाचलं की वाचलेल्या डिझेलवर नौका आणखी दूर जाते. जिथे जाणं परवडत नव्हतं म्हणून मासे सुखरूप होते, ती जागाही परवडू लागते. महागाई ही त्या माशांची राखणदार होती, ती आपण कामावरून काढली.

इंग्लंडचे मत्स्यशास्त्रज्ञ मायकेल ग्रॅहम यांनी १९४३ च्या पुस्तकात एक नियमच मांडला : ज्या मासेमारीला मर्यादा नाही, ती शेवटी तोट्यात जाते. १९५४ मध्ये स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्या अर्थतज्ज्ञाने त्याचं गणित मांडलं. जोवर नफा आहे तोवर नवी नौका येत राहते; नफा संपतो तेव्हाच येणं थांबतं. योगायोग बघा, गॉर्डन यांचा लेख आणि फेअरट्राय एकाच वर्षाचे. नौकेची दखल जगाने लगेच घेतली, लेखाची घ्यायला वेळ लावला.

उलटा प्रयोगही इतिहासाने करून दाखवला आहे. दोन्ही महायुद्धांत उत्तर समुद्रातले ट्रॉलर सुरुंग काढण्याच्या कामाला लावले गेले. मासेमारी जवळजवळ थांबली. युद्ध संपल्यावर जाळी टाकली तर मासे जास्त आणि मोठे. नौकांत काही सुधारणा झाली होती म्हणून नव्हे. नौका तिथे नव्हत्या म्हणून. आपल्या कोळी बांधवांना हे नवं नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रात उतरायचं, हा त्यांचा रिवाज. आज १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी असते. पूर्वी खवळलेला समुद्रच थांबवत असे. मजबूत नौकेला समुद्र थांबवू शकत नाही, म्हणून कायद्याला थांबवावं लागतं.

आपला किनारा

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे या वाक्याची पहिली मोठी चाचणी केरळात झाली. १९५२ च्या करारातून कोल्लमजवळ भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. हेतू गरीब मच्छीमारांचं जीवनमान सुधारण्याचा, आणि तो प्रामाणिक होता. पण कोळंबीला परदेशी बाजार सापडला आणि पारडं ट्रॉलिंगकडे झुकलं. पैसा ज्यांच्याकडे होता त्यांनी नौका घेतल्या. ज्यांच्यासाठी प्रकल्प होता ते किनाऱ्यावर त्यांच्याशी भांडत राहिले. १९८८ मध्ये तिथे पावसाळी ट्रॉलिंगबंदी आली, ती मोठ्या आंदोलनानंतर. गोव्यात १९७० च्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध हाच लढा दिला. आपल्याकडे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला.

मग पर्ससीन. थव्याभोवती फिरवून तळाची दोरी आवळली की बटव्यासारखं बंद होणारं जाळं. बांगडा, तारली यांचा अख्खा थवा आत. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने त्याच्या परवान्यांना आणि हंगामाला मर्यादा घातली. पाठोपाठ प्रखर एलईडी दिवे आले. अंधाऱ्या रात्री मासे उजेडाकडे येतात आणि पर्ससीन त्यांना वेढतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी दिव्यांच्या बोटींवरून मालवण-रत्नागिरीकडची भांडणं आपण वर्तमानपत्रात वाचतच असतो.

इथे एक मोह टाळायला हवा. पारंपरिक तेवढं पवित्र आणि यांत्रिक तेवढं पापी, अशी वाटणी सोपी आहे, पण खरी नाही. उत्तर कोकणातलं डोल जाळं पारंपरिकच आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ते तोंड उघडं ठेवून उभं असतं, इंजिनाने ओढावं लागत नाही. बोंबील, जवळा त्यात येतो. पण त्याच्या टोकाचे बारीक आस पापलेटची बोटाएवढी पिल्लंही सोडत नाहीत. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. त्याहून लहान धरायचे नाहीत. मान दिला ते बरं झालं. पण पिल्लू जाळ्यात आल्यावर पट्टी लावून उपयोग काय? ते आधीच मेलेलं असतं. प्रश्न जाळ्याच्या आसाचा आहे.

आणखी एक अडचण. नौकांची संख्या गोठवली तरी सुधारणा थांबत नाही. इंजिन, सोनार, दोरा, तांडेलाचं कसब, सगळं हळूहळू चढत असतं. समजा, ही वाढ वर्षाला फक्त अडीच टक्के आहे. चक्रवाढीने अठ्ठावीस वर्षांत दुप्पट होते. कागदावर शंभर नौका, समुद्रात दोनशेंचं बळ. परवाना नौकेला असतो. तिच्या वाढत्या बळाला नसतो.

सिद्धान्त

मग सुधारणा नकोत का? असं आम्ही म्हटलेलं नाही. आम्हाला एवढंच म्हणायचं आहे की ‘सुधारणा’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि त्या वेगळ्या करायला कांटचा जुना निकष उपयोगी पडतो. कांट विचारतो : तू जे करतो आहेस ते सगळ्यांनी केलं तर चालेल का?

सोनारला हा प्रश्न विचारा. एकाने बसवलं तर त्याला फायदा. सगळ्यांनी बसवलं तर कोणालाच आघाडी नाही, प्रत्येकावर कर्ज, आणि समुद्रात मासे कमी. आता जीवरक्षक जाकिटाला विचारा. सगळ्यांनी घातलं तर? सगळे वाचतील. बर्फाच्या चांगल्या खणाला विचारा. सगळ्यांची मासळी ताजी राहील, तेवढ्याच माशांत जास्त दाम मिळेल. चौकोनी आसाच्या जाळ्याला विचारा. डायमंड आकाराचे आस ताण पडला की मिटतात. चौकोनी आस उघडे राहतात, पिल्लं निसटतात. एकट्याने लावलं तर त्याचं थोडं नुकसान, सगळ्यांनी लावलं तर दोन वर्षांनी सगळ्यांच्या जाळ्यात मोठा मासा. कासवांना बाहेर वाट देणारी जाळी बसवण्याबाबतही तेच.

म्हणजे काही सुधारणा शर्यतीच्या आहेत आणि काही भल्याच्या. डिझेलबचत मात्र मधे उभी आहे. किती धरायचं हे आधी ठरलेलं असेल तर ती भल्याची. ठरलेलं नसेल तर ती जेव्हन्सच्या वाटेने शर्यतीला जाऊन मिळते.

नियम बदलला की तीच नौका कशी वेगळी होते, याचं उदाहरण अलास्कात आहे. तिथे हॅलिबट माशाची एकूण मर्यादा ठरलेली होती, पण कोणी किती धरायचे हे ठरलेलं नव्हतं. मग शर्यत. नौका इतक्या जलद झाल्या की १९९० च्या सुमारास हंगाम वर्षातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी चोवीस तासांचा उरला. वादळ असो नसो, त्या दिवशी जायचंच. माणसं बुडत, एकाच दिवशी आलेली मासळी गोठवावी लागे आणि भाव पडे. १९९५ पासून प्रत्येकाला वाटा नेमून दिला. हंगाम आठ महिन्यांचा झाला. नौका त्याच, समुद्र तोच. या पद्धतीतही खोट आहे : वाटे विकता येतात, हळूहळू मोठ्यांकडे जातात, छोट्या गावांची बंदरं ओस पडतात. ते आपण आंधळेपणाने उचलू नये. पण क्रम शिकावा. आधी हद्द, मग नौका.

इथे व्याख्यान संपवतो. दोन प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

प्रश्न : सर, आम्ही थांबलो तर शेजारच्या राज्याच्या बोटी येऊन मासा धरून नेतात. मग आम्हीच का थांबायचं?

हा या विषयातला सगळ्यात खरा प्रश्न आहे, आणि ‘तुम्ही तरी चांगले वागा’ हे त्याचं उत्तर नव्हे. एकट्याने थांबणं हा त्याग आहे. सगळ्यांनी थांबणं ही व्यवस्था आहे. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाकडे त्याग मागण्याचा अधिकार आम्हाला नाही. व्यवस्था मात्र शक्य असते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी १९९० च्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्या बंदराचं उदाहरण दिलं आहे. तिथल्या मच्छीमारांनी स्वतःच चांगल्या जागांची यादी केली, सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, आणि रोज प्रत्येकाने पुढच्या जागेवर सरकायचं असं ठरवलं. त्यामुळे आधी पोहोचण्यासाठी मोठ्या इंजिनाची गरजच उरली नाही. कोणी चुकीच्या जागी दिसला तर पुढचाच त्याला हटकायचा. अडचण एवढीच की अलान्या एक बंदर आहे, आणि बांगड्याला गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र या सीमा ठाऊक नाहीत. म्हणून आपल्याकडे करार राज्याराज्यांत व्हावा लागेल. त्या टेबलावर फक्त अधिकारी आणि मोठे मालक बसले तर तो टिकणार नाही. डोलवाला आणि रापणवाला तिथे हवेत. समुद्राची खरी साक्ष कोण देतो, ते आपण मघाशी पाहिलं.

प्रश्न : नौकेच्या अनुदानाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तुम्ही काय सांगाल?

अर्जात ‘पकड किती वाढेल’ असा रकाना असेल तर तो काढायला सांगू. त्या जागी तीन प्रश्न घालावेत. या खर्चाने खलाशाचा जीव अधिक सुरक्षित होतो का? धरलेल्या माशाला जास्त दाम मिळतो का? जाळ्यातून पिल्लू जिवंत बाहेर जातं का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ आली, आणि नौका फक्त जास्त जलद आणि जास्त दूर जाणार असेल, तर ते पैसे कोणाचं भलं करणार आहेत ते अर्जदारालाच विचारावं. तो हर्णैचा तांडेल असता तर त्याने खरं उत्तर दिलं असतं.